नेपाळच्या शैलजा आचार्य यांच्यावर चरित्रलेख लिहिताना

नेपाळच्या पहिल्या महिला उपपंतप्रधान शैलजा आचार्य यांच्यावर चरित्रलेख लिहायचा असेल, तर ‘पहिल्या’ हे विशेषण आधी तपासून घ्यावे, कारण घाईने लिहिलेल्या मजकुरात त्याची सर्रास सरमिसळ होते. १९५९ च्या निवडणुकीत डडेलधुऱ्यातून निवडून आलेल्या द्वारिकादेवी ठकुरानी या नेपाळच्या पहिल्या महिला खासदार आणि मंत्री होत्या; शैलजा १९९८ मध्ये उपपंतप्रधान झाल्या, तर संसदेच्या अध्यक्षपदी महिला येण्यासाठी, म्हणजे ओनसरी घर्ती मगर यांच्या निवडीसाठी, २०१५ उजाडावे लागले.

नेपाळी मजकूर देवनागरीत असल्यामुळे तो आपल्याला बऱ्यापैकी वाचता येतो. मात्र त्यातील तारखा विक्रम संवतातील सौर महिन्यांच्या असतात, आपल्या पंचांगातील तिथी नव्हेत. राजा महेंद्र यांना शैलजांनी काळा झेंडा दाखवला तो दिवस घ्या: फाल्गुन ७, २०१७. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते, म्हणून १ जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या तारखांसाठी ५६ आणि उरलेल्या तारखांसाठी ५७ वर्षे वजा करावीत; त्यानुसार ही तारीख १८ फेब्रुवारी १९६१ येते. सरसकट ५७ वजा केल्यास घटना १९६० मध्ये, म्हणजे महेंद्रांनी डिसेंबर १९६० मध्ये निर्वाचित सरकार बरखास्त करण्याच्याही आधी जाऊन पडते आणि निषेध कशाचा, हेच कळेनासे होते.

लेखाचा सर्वाधिक विस्तार यानंतरच्या तीस वर्षांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महेंद्रांनी आणलेल्या, पक्षांवर बंदी असलेल्या ‘पंचायत’ राजवटीत संसदीय पद मिळणेच शक्य नव्हते. त्यामुळे तुरुंगवास, भारतातील निर्वासित जीवन आणि नेपाळी काँग्रेस या पक्षाचे काम हीच त्या काळातील त्यांची कारकीर्द होय. १९९० च्या लोकशाहीसाठीच्या जनआंदोलनानंतर, १९९१ मध्ये त्या मोरङ जिल्ह्यातून निवडून आल्या, त्या याच पुण्याईवर.

नेपाळचे माजी पंतप्रधान बी. पी. आणि गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या त्या भाची होत्या, हे लपवू नये. पण एवढ्यावरच त्यांचे श्रेय मामांच्या खात्यात जमाही करू नये. कृषिमंत्री असताना त्यांनी सरकारातील भ्रष्टाचारावर उघड बोट ठेवून राजीनामा दिला, आणि ते सरकार गिरिजाप्रसादांचेच होते. नाते आणि राजीनामा सांगणारी ही दोन वाक्ये लेखात शेजारी शेजारीच ठेवावीत.

संसदेतील महिलांच्या आकड्यांची तुलना करताना काळाचे भान ठेवावे. १९९० च्या संविधानाने पक्षांवर किमान ५ टक्के महिला उमेदवार देण्याचे बंधन घातले होते. संघीय संसदेत एक तृतीयांश महिला असण्याची तरतूद २०१५ च्या संविधानाने केली, आणि शैलजांचे निधन १२ जून २००९ रोजीच झाले होते.