मलावी स्वस्त की झांबिया? कंटेनरचा खर्च तोलताना या चुका टाळा

भारताने 2021 मध्ये मलावीशी करार केला, पाच वर्षं दरवर्षी 50 हजार टन तूर घ्यायचा. तेव्हापासून कडधान्याच्या व्यापारात एक प्रश्न हमखास निघतो: शेजारच्या झांबियातून माल काढला तर काय पडेल? दोन्ही देश भूवेष्टित, दोघांनाही बंदर दुसऱ्याच्या दारात. मग इंटरनेटवरून दोन आकडे उचलायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा, की निर्णय तयार. गडबड इथेच होते.

जुना तक्ता आजचा समजणं

‘प्रति कंटेनर निर्यात खर्च’ असा जो देशवार तक्ता सगळीकडे फिरतो, तो बहुधा जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालाचा असतो. त्या पद्धतीचे आकडे 2014 पर्यंतचेच आहेत. 2016 च्या अहवालात मोजण्याची रीतच बदलली आणि सप्टेंबर 2021 मध्ये अहवाल कायमचा बंद झाला. जुन्या रीतीत 20 फुटी कंटेनरमध्ये 10 टन माल धरला होता. कागदपत्रं, कस्टम्स, दलाल, बंदरातली हाताळणी आणि देशांतर्गत वाहतूक त्यात होती. समुद्रभाडं नव्हतं, आणि सरकारी पावती न मिळणारे पैसे तर नव्हतेच. शिवाय मलावीसाठी ब्लँटायर शहर धरलं होतं. ब्लँटायर दक्षिणेला, मोझांबिकच्या बेइरा बंदराच्या वाटेवर. तुमचा माल मलावीची राजधानी लिलाँग्वेच्या गोदामात असेल तर तो आकडा तुमचा नाहीच. झांबियातही राजधानी लुसाकातून निघणारा ट्रक आणि कॉपरबेल्ट या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातून निघणारा ट्रक यांचं भाडं एक नसतं.

देशाला एकच भाव लावणं

मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. खर्च देशाचा नसतो, वाटेचा असतो. मलावीला बेइरा आहे, रेल्वेने जोडलेलं मोझांबिकचंच नाकाला आहे, उत्तरेकडून टांझानियाचं दार-ए-सलाम आहे. झांबियाला दार-ए-सलाम, बेइरा, डर्बन आणि पश्चिमेला नामिबियाचं वॉल्विस बे. न्हावा शेवाला यायचं असेल तर वॉल्विस बेचं रस्त्याचं भाडं कितीही गोड दिसो, जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार. म्हणून तुलना गोदामापासून न्हावा शेवापर्यंत करा, बंदरापर्यंत नको.

त्यातच आणखी एक फसगत: कंटेनर भरला कुठे? मलावीची तूर पुष्कळदा पोत्यांतच ट्रकने किंवा रेल्वेने बंदरावर येते आणि स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, तिथे होतं. म्हणजे रिकामा कंटेनर आत नेण्याचा खर्च वाचतो, पण बंदरावरचं गोदाम आणि हमाली वाढते. एका कोटेशनमध्ये स्टफिंग लिलाँग्वेला आणि दुसऱ्यात बेइराला असेल, तर ती दोन कोटेशनं शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

कंटेनरवर भागणं, टनावर नाही

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. पहिलं कोटेशन 2,400 डॉलर, माल 20 टन. दुसरं 2,750 डॉलर, माल 25 टन. पहिलं स्वस्त दिसतं, पण टनाला ते 120 डॉलर पडतं आणि दुसरं 110. आता दुसऱ्या वाटेवर ट्रक सीमेवर रखडला, कंटेनर मोफत मुदतीपेक्षा 15 दिवस जास्त अडकला आणि शिपिंग लाइनने दिवसाला 20 डॉलर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, लावलं. 300 डॉलर वाढले, टनाला 122. बाजी पुन्हा उलटली. कोटेशन मागताना मोफत दिवस किती आणि ते कधीपासून मोजणार, कंटेनरची अनामत किती, हे लेखी घ्या. फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर हिशेब मांडू नका.

क्वाचा म्हणजे क्वाचा

दोन्ही देशांचं चलन क्वाचा, पण ती दोन वेगळी चलनं आहेत. झांबियाने 2013 मध्ये आपल्या नोटेवरची तीन शून्यं उडवली. तिथे डॉलरचा भाव दोन आकडी क्वाचात असतो. मलावीत नोव्हेंबर 2023 मध्ये तोच डॉलर एका झटक्यात सुमारे 1,180 वरून 1,700 क्वाचावर गेला. एक्सेलमध्ये एकच दर लावला तर काय होईल ते सांगायला नको. स्थानिक भाडं, हमाली, दलाली यांच्या रकमेपुढे चलनाचा कोड (मलावीचा MWK, झांबियाचा ZMW) आणि दराची तारीख लिहा.

आकडा जुळत नसेल तर

आधी परतीचं भाडं तपासा. मलावीत खत आणि इंधन आत जातं, बाहेर जाणारा माल त्या मानाने कमी. त्यामुळे बंदराकडे परतणारा ट्रक स्वस्तात मिळू शकतो. झांबियात तांब्याशी स्पर्धा आहे, काँगोचं तांबंही त्याच रस्त्यांवर असतं. भाव विचित्र वाटला तर बहुधा कारण इथे सापडतं.

मग सीमा पाहा. झांबिया–झिंबाब्वे सीमेवर चिरुंडूला 2009 पासून दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होते, झांबिया–बोत्स्वाना सीमेवरचा काझुंगुलाचा पूल मे 2021 मध्ये सुरू झाला. जुन्या अहवालातले थांबण्याचे दिवस आज धरून चालत नाहीत.

शेवटी जोखीम. मार्च 2019 मध्ये इदाई वादळाने बेइरा झोडपलं. 2023 च्या अखेरीस नाकालात भारताकडे निघालेली तूर वादामुळे अडकून पडली. म्हणून प्रत्येक देशासाठी दोन बंदरांची कोटेशनं मागवा आणि दुसरं बंदर वापरावं लागलं तर टनाला किती वाढेल, ते त्याच तक्त्यात वेगळ्या रकान्यात मांडा.