एमआर२मध्ये टर्बो इंजिन बसवताना

माझी एमआर२ १९९१ची आहे. टोयोटाची ही दोन सीटांची गाडी. इंजिन पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरासं पुढे, आडवं बसवलेलं. मी घेतली तेव्हा तिच्यात टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) नसलेलं २.२ लिटरचं ५एस-एफई इंजिन होतं, १३० हॉर्सपॉवरचं. त्याच वर्षी अमेरिकेत टर्बोवाली एमआर२ही विकली जात होती. तिच्यात २ लिटरचं ३एस-जीटीई, २०० हॉर्सपॉवर. सांगाडा दोघींचा एकच, म्हणून हा बदल घरच्या गॅरेजमध्ये करता येतो. वेल्डिंग लागत नाही, पत्रा कापावा लागत नाही. वेळ मात्र लागतो. मला डेट्रॉइटजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार धरून चार महिने लागले.

सगळ्यात आधी इंजिन कुठलं घ्यायचं ते ठरवा. अमेरिकेतल्या टर्बो एमआर२मध्ये आलं ते ३एस-जीटीई दुसऱ्या पिढीचं. त्याच्यात हवा मोजायला इनटेकच्या तोंडाशी झडपेचा एअरफ्लो मीटर असतो. जपानमध्ये १९९३च्या शेवटापासून तिसरी पिढी आली, २४५ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर). तिच्यात मीटर जाऊन इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आला, इंजेक्टर ४४०चे ५४० सीसीचे झाले आणि टर्बो सीटी२०बी. चौथी पिढी टोयोटाच्याच कॅल्डिना जीटी-टी गाडीमधली, २६० पीएस. मी तिसरी घेतली, कारण ती एमआर२मध्येच कंपनीकडून आलेली आहे आणि तिचा प्रत्येक पाईप या गाडीसाठीच वाकवलेला आहे. विकणारा नुसतं ‘तिसरी पिढी’ म्हणाला तर ‘कुठल्या गाडीतली?’ हे विचाराच. तीच पिढी टोयोटाच्या सेलिका जीटी-फोर गाडीमध्येही होती. तिचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग, पाण्याने थंड होणारा आणि गिअरबॉक्स चारही चाकं फिरवणारा. तो गिअरबॉक्स आपल्या कामाचा नाही.

आणि सुटं इंजिन घेऊ नका. जपानहून कापून आलेला गाडीचा मागचा अर्धा भाग मिळतो, त्याला इथे क्लिप म्हणतात. तो अख्खा घ्या. सुटं इंजिन स्वस्त दिसतं. पण मग एक ब्रॅकेट इथून, एक होज तिथून, असं करत दोन महिने जातात आणि शेवटी पैसेही तेवढेच होतात. क्लिपमध्ये इंजिन, ई१५३ गिअरबॉक्स, ॲक्सल, माउंटिंग, इंटरकूलर, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे सगळं एकमेकांच्या ओळखीचं येतं. साध्या गाडीचा एस५४ गिअरबॉक्स ३एस-जीटीईला जोडता येतो, काही जण जोडतातही. मी जोडणार नाही. तो त्या टॉर्कसाठी बनवलेला नाही. ई१५३ घेतलात की ॲक्सलही टर्बोचेच लागतात. हबच्या दात्यांशी ते जुळतात का, हे इंजिन वर चढवण्याआधी हातात धरून पाहा.

पैसे देण्यापूर्वी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघायला मागा. नुसत्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. तो १४ पीएसआयच्या आत हवा. मग टर्बोच्या तोंडाचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवा. थोडी आडवी ढिलाई चालते, पण पाती घराला घासता कामा नयेत, आणि शाफ्ट आतबाहेर सरकायला नको.

कायद्याचं इथेच उरकते. मिशिगनमध्ये खासगी गाडीची धुराची तपासणी होत नाही, तरी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं केंद्रीय कायद्याने बेकायदाच आहे. माझ्या गाडीत तो आहे. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी साधनं जागेवर हवीत, आणि असे बदल तपासणाऱ्या सरकारी रेफरीकडून गाडी पास व्हावी लागते. तिथे राहत असाल तर आधी रेफरीला विचारा, मग क्लिप मागवा. महाराष्ट्रातून जे वाचताहेत त्यांच्यासाठी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिनाला हात लावू नका.

आता जुनं इंजिन काढणं. इंधन पंपाची जोडणी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. मग बॅटरी काढा. एसीचा गॅस दुकानातूनच काढून आणा, हवेत सोडू नका. कूलंट दहा लिटरहून जास्त निघतं, तेव्हा मोठं टब ठेवा. रेडिएटर गाडीच्या नाकाशी, इंजिन शेपटीशी, आणि मधले लांब पाईप गाडीच्या पोटाखालून जातात. त्या पाईपांचा त्रास पुढे येणार आहे.

एमआर२चं इंजिन वर ओढून काढण्यापेक्षा खाली उतरवणं सोपं. सायलेन्सर, ॲक्सल, गिअरच्या केबल, इंजिनाखालची आडवी तुळई (क्रॉसमेंबर) सोडवा, इंजिन चेन पुलीवर पेला, माउंटिंगचे बोल्ट काढा, आणि गिअरबॉक्ससकट चाकांच्या फळीवर अलगद बसवा. मग गाडी वर उचलायची आणि फळी मागून ओढून घ्यायची. गाडी किती वर न्यायची ते आधी टेपने मोजा. माझ्या पहिल्या प्रयत्नात चार बोटं कमी पडली. मग इंजिन परत पुलीवर टांगून, जास्त उंचीचे स्टँड आणून सगळं पुन्हा करावं लागलं. स्टँडशिवाय नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. आण्णांचा, माझ्या वडिलांचा, हा एकच नियम होता ज्याच्यावर ते आवाज चढवत.

आण्णा कोल्हापूरला उद्यमनगरात डिझेल पंपांची दुरुस्ती करायचे. त्यांची दुसरी सवय मी इथे जशीच्या तशी पाळली: काढलेला बोल्ट डब्यात टाकायचा नाही, भाग निघाला की तो त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. जिथे ते जमत नाही तिथे पुठ्ठ्यावर त्या भागाचं चित्र काढून बोल्ट त्या त्या जागी खुपसायचा. चार महिन्यांनी जोडायला बसलात की हे पुठ्ठेच तुमची वही होतात.

नवीन इंजिन जमिनीवर आहे तेव्हाच त्याचं सगळं करून घ्या. टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर, वॉटर पंप, कॅमचे आणि क्रँकचे पुढचे सील, ऑइल पंपाचा सील, फ्लायव्हीलच्या मागचा मोठा सील. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवी. फ्लायव्हील घासून आणा. टर्बोला तेल देणारी बारीक नळी काढून आतून साफ करा, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात तिच्यात कोळसा साचतो आणि मग टर्बो कोरडा फिरतो. इनटेक मॅनिफोल्डखाली एक छोटा वाकडा कूलंट होज असतो. एमआर२वाले त्याला ‘नरकातला होज’ म्हणतात. इंजिन गाडीत असताना तिथे हात पोचत नाही. तो बरा दिसला तरी बदला. मी बदललेला जुना होज दाबला तर बोटांखाली तडकला.

वायरिंगला लोक घाबरतात, आणि बरोबरच आहे, पण एमआर२त एक सोय आहे: ईसीयू मागच्या डिकीत, इंजिनाच्या भिंतीला लागून असतो. त्यामुळे जपानी उजव्या स्टीअरिंगच्या गाडीचं इंजिनाचं वायरिंग आपल्या डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत लांबीला पुरतं. काम उरतं ते इंजिनाचं वायरिंग गाडीच्या वायरिंगला जिथे भेटतं त्या प्लगांचं. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तकातला, ज्याला सगळे ‘मोठं हिरवं पुस्तक’ म्हणतात, आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि जपानी गाडीचा नकाशा, दोन्ही मोठ्या कागदावर छापून घ्या. प्रत्येक पिनला नाव द्या, मल्टिमीटर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज येतो का बघा, आणि झालेल्या वायरीवर नकाशात रंगीत पेन्सिल फिरवा. वायरीच्या रंगावर विसंबू नका, पिनच्या जागेवर विसंबा. जोड सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थिंगच्या पट्ट्यांखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या.

एका वायरीबद्दल वेगळं सांगते. नॉक सेन्सरची (इंजिनातली ठोक-ठोक ऐकणाऱ्या सेन्सरची) वायर जाळीच्या आवरणातली असते. वायरिंग साफ करताना ती जाळी माझ्याकडून एका ठिकाणी तुटली आणि मला ते कळलंच नाही. गाडी सुरू झाली, नीट उभी राहिली, पण जोर लावला की मरगळायची. टर्बो दाब देतोय हे गेजवर दिसत होतं आणि गाडी पुढे जायला तयार नव्हती. तीन आठवडे मी इंधनाच्या मागे लागले होते. शेवटी डायग्नोस्टिक प्लगमध्ये टीई१ आणि ई१ या दोन पिना जोडून चावी चालू केली आणि चेक इंजिनचा दिवा मोजला: पाच वेळा लागला, थांबला, दोन वेळा. कोड ५२, नॉक सेन्सर. सेन्सर ऐकू येत नाही म्हटल्यावर ईसीयू इंजिन वाचवायला इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. जाळीची वायर नवी टाकली आणि त्याच संध्याकाळी गाडीला जीव आला. दिवा मोजायला दोन मिनिटं लागतात; ते पहिल्याच दिवशी करा.

इंधन पंप टर्बोच्या मापाचा घाला. पेट्रोल कमी पडलं तर दाबाखाली मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतात, म्हणून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं एक वाइडबँड मिश्रण-गेज डॅशवर लावाच. साधा सायलेन्सर चालत नाही, टर्बोतून धूर बाहेर नेणारा डाउनपाईप आणि पुढची लाईन लागते. इंजिनावरचं झाकणही टर्बोवालं शोधा. त्याच्या जाळ्या उंच असतात आणि गरम हवा तिथून बाहेर पडते. स्पार्क प्लगची फट ०.८ मिमी.

कूलंट भरताना घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. रेडिएटर आणि हीटर या दोन्हींवर हवा सोडायचे व्हॉल्व्ह आहेत. दोघांना पारदर्शक नळ्या लावा, त्या बोनेटच्या उंचीला बांधून ठेवा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, आणि मागच्या तोंडातून हळूहळू ओता. नळ्यांत बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत थांबू नका. मला दोन तास लागले. पहिल्या दिवशी काटा अर्ध्याच्या वर जाऊ लागला तर लगेच बंद करा, थंड होऊ द्या, परत हवा काढा.

सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात थोडं तेल ओता. मग इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच खरं सुरू करा. इंजिन गरम झालं की टीई१-ई१ जोडून डिस्ट्रिब्युटर १० अंशांवर आणा आणि जोड काढा.

एक सूचना चालवण्याबद्दल. १९९१-९२च्या गाडीत वळणावर एकदम पाय उचलला की मागची बाजू झटकन निसटते. १९९३ला टोयोटाने सस्पेन्शन बदललं. इंजिनाआधी मी चारही टायर, बुश आणि टर्बोच्या मापाचे ब्रेक घेतले, आणि कुणी विचारलं तर हाच क्रम सांगते.

क्लच बसेपर्यंत, साधारण ८०० किलोमीटर, जोर लावू नका. मग तेल बदला आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का बघा. टर्बो आणि मॅनिफोल्डचे नट पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर सैल होतात. ते परत आवळायचे, पण रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी, थंड इंजिनावरच.