एव्हिओनिक्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: उपकरणांत पाणी शिरते कुठून?

एव्हिओनिक्सच्या, म्हणजे विमानातील विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, देखभालीसाठीच्या बी-2 परवान्याचा अभ्यास करताना आपण सर्किट, बस (वीज किंवा माहिती वाहणारी सामाईक वाहिनी) आणि सेन्सर मन लावून शिकतो, परंतु उपकरणे थंड ठेवणाऱ्या हवेसोबत येणाऱ्या पाण्याचा विचार बहुधा पहिल्या पावसाळ्यातच सुरू होतो. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उंचावरील कडाक्याच्या थंडीतून उतरलेल्या विमानाचे दार उघडताच ही दमट हवा आत येते आणि गार पडलेल्या पत्र्यावर, पाइपांवर पाणी धरू लागते.

ज्या विमानांत एअर सायकल मशीनमधली (हवा दाबून मग टर्बाइनमधून सोडून गार करणाऱ्या यंत्रातली) गार हवा उपकरणांकडे नेलेली असते, तिथे वॉटर सेपरेटरकडे मी सर्वांत आधी पाहतो. टर्बाइनमधून निघालेल्या गार हवेतील धुके त्यातल्या कापडी पिशवीत अडकून मोठे थेंब होतात आणि ते बाजूला काढले जातात. मात्र पिशवी मळून चोंदली की बायपास झडप उघडते, हवेचा प्रवाह चालू राहतो आणि पाणी न गाळता पुढे जाते. म्हणून पिशवीचा इंडिकेटर पाहणे कधीही टाळू नये. हवा थेट सर्किटवरून वाहणाऱ्या उपकरणाच्या बॉक्सला याचा धोका अधिक असतो. जिथे ती फक्त कोल्ड प्लेटमधून (सर्किटची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पोकळ पाटीतून) जाते, तिथे सर्किट बरेच सुरक्षित राहते.

पाणी गॅलीतूनही, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातूनही, येते. 7 जानेवारी 2008 रोजी क्वांटासचे बोइंग 747-400 बँकॉकला उतरत असताना गॅलीतले पाणी खालच्या उपकरण कक्षात झिरपले, जनरेटर कंट्रोल युनिटे बंद पडली आणि चारपैकी तीन एसी बसचा (प्रत्यावर्ती वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिन्यांचा) वीजपुरवठा गेला. विमान सुखरूप उतरले. तुंबलेली ड्रेन लाइन आणि रॅकवरच्या ड्रिप शील्डला (वरून गळणारे पाणी अडवणाऱ्या आवरणाला) गेलेले तडे, या दोन्ही गोष्टी टॉर्च घेऊन पाहणाऱ्याला सापडण्यासारख्या असतात, असे मला ठामपणे वाटते.

तपासणी नेहमी वरून खाली करावी. केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला आहे का, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडेल. कनेक्टरच्या रिकाम्या छिद्रांत सीलिंग प्लग आहेत का. ड्रेनची भोके धूळ-लोकरीने बुजली तर नाहीत ना, हे पाहावे. ओल दिसल्यास जोराच्या हवेने फुंकू नये, कारण त्याने पाणी पिनांपर्यंत ढकलले जाते.

बिघडलेला बॉक्स काढून वर्कशॉपला पाठवला की तोवर तो वाळलेला असतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. यासाठी बॉक्स काढतानाच ओल कुठे होती, डाग कॉफीसारखा तपकिरी होता की पाणी स्वच्छ होते आणि वर नेमके काय आहे, हे नोंदवावे. तपकिरी डाग गॅलीकडे बोट दाखवतो, तर स्वच्छ ओल बहुतेक वेळा दवाची निघते.