बडोद्यात शिकायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने पहिले दोन महिने कसे घालवावेत

बडोद्याला शिकायला येणारा मराठी विद्यार्थी परक्या राज्यात येतो, पण परक्या गावात येत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांतील त्याच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून होतात. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात मराठी कानावर पडते, दुकानदार आपली भाषा ओळखून मराठीत उत्तर देतो, आणि मुलाला वाटते की आता नवे काही शिकण्याची गरज नाही. आमच्या घरी दर जूनमध्ये जळगावकडचा किंवा धुळ्याकडचा कोणी ना कोणी नातलग बॅग घेऊन उतरतो. पहिल्याच आठवड्यात जो गुजराती बोलू लागतो, तो दिवाळीला घरी जाताना परतीचे तिकीट आनंदाने काढतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून इथल्या मराठीचा आधार जरूर घ्यावा, मात्र त्या आधाराला टेकून बसू नये.

सर्वप्रथम कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, छायाचित्रे आणि महाराष्ट्राच्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशनच म्हणतात, हे सारे गाव सोडण्यापूर्वी हाती असावे. खानदेशातल्या विद्यार्थ्याला मायग्रेशनसाठी नाशिकच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो, आणि ते काम बडोद्यात बसून करणे फार त्रासाचे होते. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढून त्या मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. महाराष्ट्रातील जातीच्या दाखल्यावर गुजरातमधील राखीव जागेचा लाभ मिळेलच असे गृहीत धरू नये. प्रवेश अर्जातच त्याची खात्री करून घ्यावी. प्रवेश पक्का झाला की कार्यालयातून दोन-तीन बोनाफाईड एकदमच मागून घ्यावीत, कारण बँक, बसचा पास आणि रेल्वेची सवलत या तिन्ही ठिकाणी ते लागते.

राहण्याच्या जागेबाबत मी थोडे सविस्तर लिहितो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वसतिगृहांना इथे हॉल म्हणतात, आणि तिथे जागा मिळत असेल तर पहिले वर्ष तरी तिथेच काढावे. ती न मिळाल्यास फतेगंज, प्रतापगंज आणि सयाजीगंज या विद्यापीठाला लागून असलेल्या भागांत खोली पाहावी. खोली पाहताना भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करावी, आणि ती नळाच्याच नव्हे तर पुराच्याही पाण्याची. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते, 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तिने अनेक वस्त्यांत पाणी घातले, आणि त्या नदीत मगरी असल्यामुळे पुराबरोबर त्या रस्त्यांवरही आल्या होत्या. तेव्हा तळमजल्यावरची खोली स्वस्त मिळत असेल, तर घरमालकाऐवजी शेजाऱ्याला विचारावे की 2024 मध्ये इथे पाणी कुठपर्यंत चढले होते. शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

घरमालक मांसाहाराविषयी विचारतील. त्याचे खरे उत्तर द्यावे, कारण खोटे चार दिवसांत उघड होते आणि अर्ध्या सत्रात खोली शोधण्याची वेळ येते. कोणी जात विचारली, तर मात्र तिथून निघून दुसरी खोली पाहावी. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी या शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. खोली शोधण्याच्या दिवसांतच तिथे एकदा जाऊन यावे, असे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आता भाषा. विद्यापीठात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे, त्यामुळे गुजरातीवाचून परीक्षेत अडत नाही. अडते ते मेसमध्ये, रिक्षात आणि मैत्रीत. लिपी आधी शिकावी. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते आणि अनेक अक्षरे देवनागरीसारखीच असतात. क, ख, च, ज, झ, फ, ब, अ आणि इ एवढी वेगळी अक्षरे दुकानांच्या पाट्या वाचत आठवडाभरात बसतात. आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गुजराती पाचाचा आकडा हुबेहूब शिरोरेषा नसलेल्या 'प' सारखा दिसतो आणि बसवरचा क्रमांक वाचताना गोंधळ होतो.

शब्दांच्या बाबतीत जे मराठीसारखे वाटतात तेच फसवतात. मेसवाल्या मावशींनी 'जम्या?' असे विचारले, तर काही जमले का असे त्या विचारत नसून जेवलात का असे विचारत आहेत. वर्गातील कोणी 'तमे नवरा छो?' म्हणाले, तर तुम्ही मोकळे आहात का एवढाच त्याचा अर्थ असतो. ताटातल्या कोणत्याही भाजीला इथे शाक म्हणतात आणि भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, त्यामुळे बटाट्याची भाजी मागून वाट पाहत बसू नये. रिक्षा थांबवायची असेल तर 'ऊभी राखो', किंमत विचारायची असेल तर 'केटलाना?', आणि मोठ्या माणसाशी बोलताना 'तुं' ऐवजी 'तमे'. रिक्षावाल्याला भाई किंवा काका आणि भाजीवालीला बेन म्हटले की पुढचे बोलणे आपोआप सोपे होते. चुकीचे बोललात तरी कोणी रागावत नाही, न बोलण्याने मात्र अंतर पडते.

त्याचबरोबर इथल्या मराठीलाही मान द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारी राहिलेली ही मराठी आहे, आणि 'बस येऊन गेली' असे एखाद्या काकू म्हणाल्या, तर बस निघून गेली असे समजू नये. 'आवी गई' ची ती छाया आहे, आणि बस समोर उभी असू शकते. नव्या मुलांनी अशा बोलण्यावर हसलेले मी ऐकले आहे, आणि ते मला फार लागते. 2018 चे 91 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते, आणि विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. तेथील व्याख्यानांना कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने जावे.

जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. आमटीच्या सवयीला इथली गूळ घातलेली डाळ गोड लागते. पंधरा दिवस ती तशीच खावी, घरून मसाल्याचा डबा मात्र आणावा. संध्याकाळी भूक लागली तर सेव उसळ खावी, ज्यात वाटाण्याची उसळ, वर तरी आणि शेव असते आणि सोबत पाव मिळतो. एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे लक्षात ठेवावी: गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि महाराष्ट्रातून मित्रासाठी म्हणून बॅगेत आणलेली एक बाटलीही गुन्हा ठरते.

अभ्यासासाठी पहिल्या आठवड्यातच हंसा मेहता ग्रंथालयाचे कार्ड करून घ्यावे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या हंसाबेन 1949 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असा शब्द यावा यासाठी आग्रह धरणाऱ्याही त्याच होत्या. वर्ग सुरू झाल्यावर रोज एक तास इथे बसण्याची सवय लावावी. वसतिगृहाच्या खोलीत अभ्यास होईल ही समजूत साधारण ऑगस्टपर्यंत टिकते.

पहिल्या महिन्यातील एक रविवार चालण्यासाठी राखून ठेवावा, कारण हे शहर वाहनातून कळत नाही. पाऊस नसेल असा दिवस पाहून सकाळी सातला स्टेशनपासून निघावे. आधी कला शाखेचा मोठा घुमट दिसतो. ही 1881 मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची इमारत, आणि याच कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते व विनोबा शिकत होते. पुढे काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, मग कमाटीबाग, विश्वामित्रीवरचा पूल आणि कीर्तिमंदिर, जिथे नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. तिथून रावपुऱ्यातून सूरसागर तलाव, न्यायमंदिर आणि लहेरीपुरा दरवाजा करत मांडवीला पोहोचावे. हे अंतर साधारण चार किलोमीटर भरते, आणि थांबत गेल्यास तीन तास लागतात. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्याचे हे केंद्र. तिच्या पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, म्हणजे दिव्याशिवाय खालपर्यंत उजेड पोहोचावा. ती रविवारी आतून पाहता येईल असे धरू नये. त्यासाठी कामाच्या दिवशी पुन्हा यावे, आणि तेव्हा मराठी पुस्तकांची कपाटे कुठे आहेत ते विचारून घ्यावे.

दुसरा महिना संपल्यावर काही आठवड्यांत नवरात्र येते आणि इथल्या मैदानांवर हजारो लोक एकाच वर्तुळात गरबा खेळतात. नाचता येत नाही म्हणून कडेला उभे राहू नये. वर्गातील एखाद्या गुजराती मैत्रिणीला किंवा मित्राला चार दिवस आधी विचारावे, 'बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा) शिकवशील का?', आणि हा प्रश्न गुजरातीत विचारावा. वसतिगृहाच्या गच्चीवर दोन संध्याकाळी सराव केला, की पाऊल टाळीबरोबर पडू लागते. पहिल्या रात्री बाहेरच्या रांगेत शिरावे, तिथे वेग कमी असतो आणि चुकलेल्याला शेजारचे काका-काकू हाताने वळवून पुन्हा ओळीत घेतात.