एफ-१ विद्यार्थी: पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात असेल तर

अमेरिकेत कॅम्पसवरची नोकरी. पगाराच्या स्लिपवर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनासाठीचा कर) ६.२ टक्के, मेडिकेअर (ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठीचा कर) १.४५ टक्के कापलेले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, करासाठी अनिवासी असेपर्यंत (साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे), हे दोन्ही लागत नाहीत. डब्ल्यू-४ (पगारातून किती आयकर कापायचा ते ठरवणारा फॉर्म) नव्याने भरून फरक पडला नाही. तो फक्त फेडरल आयकरापुरता. फार मनस्ताप झाला.

आधी पेरोलला (पगार विभागाला) आय-२० (कॉलेजने दिलेले पात्रता-पत्र), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), व्हिसाच्या प्रती देऊन नोंद ‘अनिवासी’ करून घेतली. मग कापलेले पैसे लेखी मागितले. चालू वर्षाचे तिथेच मिळाले. मागच्या वर्षाचे देणार नाही म्हणाले. तो नकार लेखीच घ्या. नंतर फॉर्म ८४३ (परताव्याचा अर्ज), सोबत ८३१६ (त्याला जोडायचा माहितीचा फॉर्म), डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेल्या करांचा दाखला), तो नकार आणि त्याच प्रती आयआरएसला (अमेरिकेचे कर खाते) टपालाने पाठवल्या. १०४०-एनआर या अनिवासींच्या वार्षिक आयकर विवरणपत्राबरोबर नाही, स्वतंत्र. उरलेला परतावा चेकने आला.