संस्था चालवायची तर आधी रेस्क्यूचा फोन सोडा

मी पुण्यात प्राण्यांसाठी काम करणारी संस्था चालवते. पहिली तीन वर्षं चालवली कसली, नुसती धावले. रात्री दोनला फोन आला की टॉवेल, पिंजरा, स्कूटर. कोथरूडच्या एकाच गल्लीतून चार वेळा पिल्लं उचलून आणली. चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला, आई तीच होती. म्हणून पहिलं काम: फोनच्या पाळ्या लावा आणि त्यात अध्यक्षाचं नाव घालू नका. अध्यक्षाने कागद सांभाळायचे.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी सीए करून देतो. फक्त विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायला विसरू नका. आम्ही विसरलो, आणि सह्यांच्या घोळात बँकेचं खातं अडकलं.

सगळं शहर अंगावर घेऊ नका, एकच प्रभाग धरा. पहाटे साडेपाचला वही घेऊन फिरा. एकूण कुत्री किती, त्यांतली कानाला खाच असलेली, म्हणजे नसबंदी झालेली किती, लिहा. दहांत सात खाचवाली होईपर्यंत पिल्लांचा ओघ आटत नाही. मग महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: या प्रभागातून नसबंदीसाठी दर महिन्याला किती कुत्री उचलली, किती शस्त्रक्रिया झाल्या, परत कुठे सोडली, एका कुत्र्यामागे किती पैसे दिले. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 30 दिवस थांबा. त्यांचा तक्ता आणि तुमची वही जुळली नाही तर आरडाओरडा नको (माझा स्वभाव तोच, म्हणून सांगते). दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि अधिकाऱ्यालाच वाचू द्या.

2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीनंतर कुत्रं उचललं तिथेच परत सोडायचं असतं. पण नोव्हेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यातून वगळली, म्हणजे तिथून उचललेलं कुत्रं परत तिथे सोडायचं नाही. हे स्वयंसेवकांना आधी नीट सांगा, नाहीतर ते शाळेच्या फाटकावर चुकीचा वाद घालून येतात.

सोसायटीच्या बैठकीत पहिल्यांदा ज्याला कुत्रं चावलं त्याला बोलू द्या. मध्ये कायदा काढू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली का आणि लस कितवी झाली, एवढंच विचारा. त्यानंतर खायला घालायची जागा ठरवा: जिना, फाटक आणि मुलांची खेळायची जागा यांपासून लांब, वेळ ठरलेली. खायला घालणाऱ्या काकूंनाही दोन शब्द सुनवावे लागतात, आणि त्या रुसतात.

पोलीस चौकीत 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा एकटा घेऊन गेलात तर पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 50 रुपये दंड. विष घातलं किंवा अवयव तोडला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायला सांगा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि मेलेलं कुत्रं हळहळून लगेच पुरू नका. आधी पंचनामा, मग शवविच्छेदन. आमची एक केस तिथेच गेली. आमच्याच मुलांनी खड्डा खणला होता, वर झेंडूची फुलंसुद्धा वाहिली होती.