मेमो देण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की आपल्या खानदेशात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. मी ज्या रुग्णालयात मनुष्यबळाचं काम पाहायचो, तिथे अशाच एका रात्री केळीच्या बागेतून एकाला आणलं. रक्त गोठतंय का हे पाहणारी वीस मिनिटांची चाचणी सिस्टरने प्लास्टिकच्या नळीत लावली. सकाळी तिला मेमो, म्हणजे खुलासा मागणारा कागद, गेला. तो मीच काढला होता, आणि चूक माझी होती.

या चाचणीला नवी, कोरडी, काचेचीच नळी लागते. साबणाने धुतलेली चालत नाही. सुमारे 2 मिली रक्त 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती लांबते आणि विष नसतानाही रक्त पातळ दिसू शकतं. कॅज्युअल्टीत काचेच्या नळ्या संपल्या होत्या आणि हा फरक तिला कुणी करून दाखवला नव्हता. फाइलला मात्र प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लावलेलं!

प्रमाणपत्रालाच कौशल्य समजणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. जीएनएम या नर्सिंग पदविकेची 3 वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची 4 वर्षं हा पाया झाला. त्या वॉर्डातलं काम हाताला बसलंय का, हे इन्चार्जने शेजारी उभं राहून पाहावं आणि मगच एकटीला नाइट द्यावी.

काम बिघडलं की आधी तीन गोष्टी तपासा. येत नाही? शिकवा. येतं, पण साहित्य किंवा माणसं कमी आहेत? मग ते प्रशासनाचं काम. दोन्ही असून केलं जात नाही, तरच कारण विचारा. त्या वेळीही आधी बसून बोला. सलग नाइट करून आलेल्या बाईला कागद हातात देऊ नका.

‘सिस्टर ती सिस्टर’ म्हणून डायलिसिसची सिस्टर लेबर रूमला पाठवू नका. मार्चमध्ये पगारवाढीपुरतं मूल्यमापन उरकू नका. मे महिन्यात झालेली चूक तोवर कोणाच्या लक्षात राहणार? बाहेरगावहून आलेल्यांना दुखण्या-खुपण्याचे अहिराणी शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवा.

आणि ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे काम सोपवताना, औषधांबरोबर काचेच्या नळ्याही मोजून घ्यायला लावा.